सव्वादोन वर्षांचा मुलगा, अकरा शब्द: स्पीच थेरपीबद्दल बोलायचं आहे

सांजवात (धागाकर्ती)

काल रात्री मुलगा झोपल्यावर वही घेऊन बसले आणि त्याचे शब्द लिहून काढले. आई, बाबा, जी (आजी), मम, दे, नाय, भूभू, गागी (गाडी), बॉ (बॉल), टाटा, वल (वर घे). अकरा झाले. बारावा आठवेना म्हणून नवऱ्याला विचारलं, त्यालाही आठवला नाही.

समजतं त्याला सगळं. 'चप्पल आण' म्हटलं की आणतो, 'दिवा कुठाय' विचारलं की वर बघून बोट दाखवतो. काही हवं असलं की माझा हात धरून तिथवर नेतो. पण दोन शब्द जोडून अजून एकदाही बोललेला नाही. दीड वर्षाचा असताना तपासणीच्या वेळी मी हा विषय काढला होता. 'मुलगे उशिराच बोलतात, सहा महिने थांबा' असं सांगितलं गेलं. सहाचे नऊ झाले.

आता स्पीच थेरपी सुरू करायची असं ठरवतो आहोत. इतक्या लहान मुलाला तिथे नेमकं काय करतात? तो तर एका जागी दोन मिनिटं बसत नाही. घरी मी दिवसभर 'हे काय? बोल ना, बोल' करत असते, तर हल्ली तो तोंड फिरवून निघून जातो. ज्यांनी यातून काढलं आहे त्यांनी कृपया लिहा. बरं-वाईट दोन्ही चालेल.

दोनचाकी

ताई, आधी कान तपासून घ्या. थेरपीची वेळ मिळेपर्यंत थांबू नका, ते काम आजच्या आज करता येतं.

आमची मुलगी दोन वर्षांची असताना हाक मारली की कधी वळायची, कधी नाही. आम्ही म्हणायचो खेळात रमली आहे. दार वाजलं की धावायची, म्हणून ऐकू येत नसेल ही शंकाही मनात आली नाही. तपासणीत कळलं की दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साचलं आहे. ना दुखणं, ना ताप, ना कान वाहणं. ऐकू येत होतं, पण पाण्यात बुडी मारल्यावर बाहेरचं बोलणं ऐकू यावं तसं. त्यात स्वर पोचतात, स-त-क-फ यांसारखे हलके आवाज गळून पडतात. मूल जसं ऐकतं तसंच बोलणार.

बहुतेक मुलांचं हे पाणी तीनेक महिन्यांत आपोआप ओसरतं. तिचं ओसरलं नाही, म्हणून पडद्यात बारीक नळ्या बसवाव्या लागल्या. त्यानंतर घरी येताना गाडीत तिने इंडिकेटरच्या टकटकीकडे वळून पाहिलं. तो आवाज तिने पहिल्यांदा ऐकला होता. मी गाडी बाजूला घेऊन थांबलो.

जन्मल्यावर केलेली तपासणी नॉर्मल होती, हे पुरेसं नाही. आमचीही होती.

शब्दवेल

मी स्पीच थेरपिस्ट आहे, लहान मुलांसोबतच काम करते. दोनचाकींशी पूर्ण सहमत. ऐकण्याची तपासणी झाल्याशिवाय मी कोणत्याही मुलाची थेरपी आखत नाही. या वयात ओएई (आवाजाला आतल्या कानाचा प्रतिसाद बघणारी), मध्यकर्णासाठी टिंपॅनोमेट्री (पडदा नीट हलतो का ते बघणारी), आणि गरज पडली तर झोपेत करायची बेरा (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी), अशा तपासण्या असतात. यातल्या एकीलाही मुलाने उत्तर द्यावं लागत नाही.

सांजवात, तुमच्या यादीकडे येते. 'गागी' आणि 'बॉ' तुम्ही मोजलेत ते बरोबर केलंत. मूल दर वेळी त्याच वस्तूसाठी तोच आवाज वापरत असेल तर तो शब्द धरायचा, उच्चार कसाही असो. 'भूभू'सुद्धा शब्दच. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण ५० शब्द आणि दोन शब्दांची जोडणी असावी, हा अंदाज आम्ही बरीच वर्षं वापरतो. त्याच्या मागे असलेली मुलं कमी नाहीत, शंभरात दहा ते पंधरा. त्यातली बरीच पुढे इतरांना गाठतात.

तुमच्या लिहिण्यात मला दिलासा देणाऱ्या दोन गोष्टी दिसल्या. त्याला समजतं आणि तो बोट दाखवतो. समज आणि बोलणं ही दोन वेगळी खाती आहेत. ज्या मुलाची समजही मागे आहे, जे दाखवत नाही, नजर मिळवत नाही, त्याच्याबाबतीत मी जास्त घाई करते. पण 'समजतं सगळं' हेही तपासून बघा. हातवारे न करता, नजरेने इशारा न करता सांगा: 'बाबांची चप्पल टेबलाखाली ठेव.' आपण बोलताना किती खुणा करतो, हे आपल्यालाच कळत नसतं. मूल खुणा वाचत असतं आणि आपल्याला वाटतं शब्द कळले.

आणि हे सगळ्याच वाचणाऱ्यांसाठी: बारा महिन्यांपर्यंत बडबड नाही, बोट दाखवणं किंवा टाटा करणं नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही, तर तपासणी करून घ्या. आणि मुलाला येत असलेले शब्द गेले, तर वय काहीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा.

रानवाट

मत थोडं वेगळं आहे, राग नसावा. माझा धाकटा भाऊ साडेतीन वर्षांचा होईपर्यंत जेमतेम बोलत होता. आज कोर्टात उभा राहून तासभर युक्तिवाद करतो. त्याला कुठे नेलं नव्हतं. प्रत्येक मुलाची आपली चाल असते. लगेच थेरपी वगैरे म्हटलं की आई-वडील धसका घेतात आणि तो मुलाला जाणवतो.

शब्दवेल

रानवाट, तुमच्या भावाचा अनुभव खरा आहे, आणि असे अनुभव घराघरांत असतात. म्हणूनच 'थांबा' हा सल्ला इतका सहज दिला जातो. पण समोर दोन वर्षांची दोन न बोलणारी मुलं बसली असतील, तर त्यातलं कोणतं आपोआप गाठेल हे त्या दिवशी मला खात्रीने सांगता येत नाही. काही खुणा असतात. समज चांगली, हातवारे भरपूर, लुटुपुटूचा खेळ खेळतं, तोंडातून वेगवेगळी व्यंजनं निघतात, घरात कुणाला भाषेची अडचण नाही, तर आशा जास्त. तरीही तो अंदाजच.

जी मुलं गाठत नाहीत, त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. बहिरेपण नाही, स्वमग्नता नाही, बुद्धी चांगली, आणि तरीही भाषा शिकणं जड जातं, अशी साधारण सात टक्के मुलं असतात. याला डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर म्हणतात. २०१६-१७ मध्ये मानसशास्त्रज्ञ डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने बऱ्याच देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन हे नाव पक्कं केलं. त्याआधी एकाच अडचणीला डझनभर नावं होती. वर्गात शांत बसणारं, गोष्ट ऐकून पुन्हा सांगता न येणारं, 'लक्षच देत नाही' असा शेरा मिळणारं मूल पुष्कळदा हेच असतं. त्याच्याबद्दलही ते दोन वर्षांचं असताना कुणीतरी 'बोलेल हळूहळू' म्हटलेलं असतं. ते पुढे बोलायला लागलंही, म्हणून विषय मिटला.

तपासणी केली आणि काही निघालं नाही, तर एक सकाळ गेली. धसक्याबद्दल मात्र तुम्ही म्हणता ते मान्य. मुलाला परीक्षेला बसवल्यासारखं वाटता कामा नये.

पिंपळपान

मी आजी आहे. माझ्या नातवासोबत त्याच्या थेरपीला वर्षभर मीच जात होते, त्याचे आई-वडील नोकरीवर. सुरुवातीला मला पटत नव्हतं. खेळायलाच न्यायचं तर घरी काय कमी खेळणी आहेत?

मग एक गोष्ट शिकले, ती लिहिते. बडबडगीत म्हणताना मी सगळं गाणं एका दमात म्हणून टाकायची. तिथल्या ताईंनी सांगितलं, ओळीचा शेवटचा शब्द गाळा आणि त्याच्याकडे बघत थांबा. पहिल्या दिवशी तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी धीर सोडून स्वतःच म्हणून टाकला. आठवड्याभराने त्याने ओठ हलवले. मग एके दिवशी तो शब्द आला, अर्धाच, पण बरोब्बर त्या तालावर. त्या गाण्याचा तेवढा एक शब्द आमच्या घरात त्याच्या मालकीचा झाला. दुसरं कुणी म्हटलं तर रडायचा.

सांजवात, तू 'बोल बोल' करणं आधी सोड बाळा. त्याने तोंड फिरवलं, हेही त्याचं बोलणंच आहे.

सांजवात (पाच आठवड्यांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. कान तपासले, दोन्ही व्यवस्थित आहेत. दोनचाकी, तुमचा प्रतिसाद वाचून दुसऱ्याच दिवशी गेलो होतो. स्वमग्नतेसाठीची वीस प्रश्नांची एम-चॅटही भरून घेतली, त्यात धोका कमी आला. थेरपिस्टबाईंचं निदान सध्या एवढंच: बोलणं मागे, समज वयाप्रमाणे.

पहिलं सेशन सविस्तर लिहिते, कारण मला जे वाटलं होतं तसं काहीच नव्हतं.

खोलीत टेबल-खुर्ची होती, पण त्या जमिनीवर बसल्या, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर. साबणाच्या फुग्यांची बाटली काढली. एकदा फुंकलं. फुगे उडाले, तो उड्या मारून फोडत सुटला. त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि बाटली त्याच्याच हातात दिली. त्याने झाकण ओढलं, दाताने धरून पाहिलं, बाटली जमिनीवर आपटली. मग त्यांच्याकडे बघितलं. त्या भुवया वर करून, पुढे झुकून, नुसत्या बघत राहिल्या. मला असह्य झालं. मी म्हटलं, 'अरे, उघड म्हण ना, बोल, उघड!' त्यांनी माझ्याकडे न बघता एक बोट वर केलं. थांबा.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. त्याने बाटली त्यांच्या हातात कोंबली आणि म्हणाला, 'दे.' त्या लगेच म्हणाल्या, 'उघड! उघड झाकण!' आणि फुंकलं. पुन्हा झाकण बंद. असं आठ-नऊ वेळा. शेवटी शेवटी त्याने 'उ' म्हटलं. फक्त उ. त्यांनी तो 'उघड' धरला आणि फुगे उडवले.

सेशननंतर मला म्हणाल्या, 'तुम्ही त्याला शब्द देता ते चांगलंच आहे, पण त्याच्या वाटणीची वेळही तुम्हीच वापरता.' घरी आल्यावर फोनवर पाच मिनिटं आमचं खेळणं रेकॉर्ड करायला सांगितलं होतं. ते बघितलं. पाच मिनिटांत मी बेचाळीस प्रश्न विचारले होते. प्रत्येकानंतर मी एक-दोन सेकंदच थांबत होते. त्याने तीनदा तोंड उघडलेलं दिसतं आणि तीनही वेळा मी मध्ये बोलले आहे. ते दृश्य मी पुन्हा पुन्हा बघितलं.

एक शंका. फुगे फुंकणं हा तोंडाचा व्यायाम असतो ना? मग ते त्याच्याकडून का फुंकून घेत नाहीत?

शब्दवेल

नाही, व्यायाम म्हणून नाही. फुंकणं, शिट्टी वाजवणं, जीभ फिरवणं यांनी बोलणं येतं असा समज खूप पसरलेला आहे, पण बोलण्यासाठी त्याचा उपयोग होतो याला चांगला पुरावा नाही. बोलताना तोंडाच्या स्नायूंना फार ताकद लागतच नाही, लागतो तो नेमकेपणा, आणि तो बोलूनच येतो. फुग्यांचा उपयोग वेगळा. ते चटकन संपतात आणि ते पुन्हा हवे असतील तर दुसऱ्या माणसाची गरज पडते. मागायला कारण मिळतं.

घरी हेच करायचं, वेगळं सामान नको. आवडती वस्तू दिसेल पण हाती लागणार नाही अशी ठेवा. झोका द्यायच्या आधी धरून ठेवा आणि थांबा. बुटात एकच पाय घालून थांबा. थांबायचं म्हणजे मनात दहापर्यंत मोजायचं, चेहऱ्यावर उत्सुकता ठेवून. पण रडवायचं नाही. दहा झाले आणि आवाज आला नाही, तर तुम्ही शब्द म्हणा आणि वस्तू देऊन टाका. वस्तू अडवून धरून 'बोल तर देईन' केलं की मूल मागणंच सोडतं.

दुसरं, तो जे बोलेल त्यात एक शब्द घाला. तो म्हणाला 'गागी', तुम्ही म्हणा 'गाडी आली' किंवा 'लाल गाडी'. 'गागी नाही, गाडी म्हण' असं नको. त्याला त्याचा शब्द दुरुस्त होऊन परत मिळाला, तेवढं पुरे. मराठीत आपल्याला एक सोय आहे: ये, जा, दे, घे, ऊठ, बस. इतकी छोटी क्रियापदं जोडण्या सुरू करायला फार कामाला येतात. आई ये. बॉल दे. पालक मुलाला वस्तूंची नावं शिकवत राहतात, रंग, आकडे, प्राणी. पण नुसत्या नामांनी वाक्य होत नाही. क्रियापदं शिकवा.

आणि सेशन आठवड्याला एक-दोन वेळा, तासाभराच्या आतलं. बाकी सगळा वेळ तो तुमच्याजवळ असतो. पालकांना शिकवून त्यांच्याकडून करून घ्यायचं, ही पद्धत नवी नाही. टोरोंटोचं हॅनन सेंटर १९७५ पासून याच वाटेने काम करतं आहे. तुमच्या थेरपिस्टबाईंनी तुम्हाला खोलीत बसू दिलं, व्हिडिओ काढायला लावला, हे चांगलं लक्षण. मुलाला आत घेऊन दार लावणाऱ्या आणि 'आज छान केलं' एवढंच सांगणाऱ्या ठिकाणी जाऊ नका.

कवडसा

माझी मुलगी चार वर्षांची आहे, स्वमग्नता आहे. आमच्या थेरपिस्टनी अडीच वर्षांची असताना चित्रांची कार्डं सुरू करायला सांगितली, तेव्हा मी दोन महिने टाळाटाळ केली. कार्डाची सवय लागली तर ती बोलायचे कष्ट का घेईल, ही भीती. सासरी-माहेरी सगळ्यांचं हेच म्हणणं होतं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की ज्या मुलांना अशी साधनं दिली त्यांचं बोलणं त्यामुळे कमी झालेलं दिसत नाही, काहींचं तर वाढतं.

त्याआधी तिचं प्रत्येक मागणं किंचाळण्यातून यायचं. मी एकामागून एक वस्तू समोर धरायची, ती ढकलायची, दोघीही रडायचो. एका संध्याकाळी ती माझ्याजवळ आली आणि दाराचं चित्र असलेलं कार्ड माझ्या मांडीवर ठेवलं. बाहेर जायचं होतं तिला. किंचाळली नाही. मी तशीच उठले आणि तिला घेऊन बाहेर पडले, पावसाची भुरभुर होती तरी. आज तिच्याकडे तीसेक शब्द आहेत आणि कार्डंही आहेत. कार्ड हातात देताना ती आता तोंडानेही म्हणते.

ज्यांच्या मुलांना सेशन दोन महिने होऊनही शब्द आला नाही, त्यांनी कृपया हे वाचावं. आधी संवाद येऊ दे.

निळीशाई

दोन प्रश्न. आमच्या घरी दोन भाषा बोलल्या जातात. 'एकच ठेवा, मूल गोंधळतं' असं सगळे सांगतात. आणि मोबाइलवर तो अक्षरं, रंग सगळं म्हणतो, पण पाणी मागत नाही. मग मोबाइलने शिकतो आहे असं धरायचं की नाही?

शब्दवेल

दोन भाषांमुळे भाषा मागे पडत नाही. दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजा. एका भाषेत तीस आणि दुसरीत पंचवीस असतील तर ते मूल मागे नाही. ज्याला खरंच अडचण आहे त्याला ती दोन्ही भाषांत असते, एक काढून घेतल्याने ती जात नाही. उलट आईने तिची भाषा सोडली की ती मोजून-मापून, तुटक बोलायला लागते. ज्या भाषेत तुम्हाला रागावता येतं, लाड करता येतात, तीच बोला.

मोबाइलबद्दल. बाळं भाषा कशी शिकतात यावर संशोधन करणाऱ्या पॅट्रिशिया कूल यांचा २००३ चा प्रयोग मी पालकांना नेहमी सांगते. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी मँडरिन ऐकवली. काहींसमोर माणूस बसून बोलत, वाचत, खेळत होता. काहींना तीच माणसं पडद्यावर दाखवली. बारा सेशननंतर माणसासोबतची बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली होती. पडद्यावरची काहीच शिकली नाहीत. अक्षरं म्हणणं हे पाठांतर झालं. पाणी मागायला समोर कुणीतरी आहे आणि ते देईल, ही जाणीव लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेप्रमाणे दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाहून जास्त पडदा नको, त्याहून कमी तर बरंच. पण हे दोष देण्यासाठी सांगत नाही. मोबाइलमुळेच सगळ्या मुलांचं बोलणं थांबलं असं मी म्हणणार नाही. तो वेळ परत मिळाला तर तुमच्याशी बोलण्यात जाईल, म्हणून कमी करा.

रानवाट

परत आलो आहे. मागच्या महिन्यात आईशी या धाग्याबद्दल बोलणं झालं. ती म्हणाली, भावाला चौथीपर्यंत धडा वाचून समजत नसे, ती रोज रात्री बसून एकेक वाक्य सोपं करून सांगायची. हे मला माहीत नव्हतं, मी मोठा होतो, बाहेर खेळायचो. थेरपिस्ट नव्हता, पण कुणीतरी रोज बसत होतं. वर लिहिलेलं 'थांबा' मागे घेतो.

सांजवात (आणखी सहा महिन्यांनी)

मुलगा आता दोन वर्षं दहा महिन्यांचा आहे. लिहायला उशीर झाला, मधले दोन महिने काहीच पुढे सरकत नव्हतं म्हणून लिहावंसं वाटत नव्हतं. ते दोन महिने कुणी सांगितले नव्हते. सेशन चालू, घरी सगळं चालू, आणि शब्द चाळिसावर अडकलेले. थेरपिस्टबाई म्हणायच्या, शब्द नका मोजू, तो किती वेळा आपणहून तुमच्याकडे येतो ते मोजा. ते मोजायला लागले तेव्हा दिसलं की आकडा वाढत होता.

मग पंधरा दिवसांत एकदम जोडण्या सुरू झाल्या. 'आई ये.' 'जी नाय.' 'वल घे.' शब्द शंभराच्या वर गेले तेव्हा मी लिहिणं सोडलं, जोडण्या तेवढ्या लिहिते. र चा ल होतो, क चा त होतो. ते वयानुसार येतं, सध्या त्याच्या मागे लागायचं नाही असं ठरलं आहे. अजून वयाच्या मागेच आहे, पुढच्या महिन्यात पुन्हा पूर्ण तपासणी आहे. रानवाट, तुमचा दुसरा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला.

वहीतली कालची नोंद: तो खिडकीत उभा होता. मी स्वयंपाकघरात. मोजत बसायची गरज पडली नाही, मी काही विचारलंही नव्हतं. तिथूनच म्हणाला, 'बाबा गागी नाय.' हात पुसून जाऊन बघितलं. खाली गाडीची जागा रिकामी होती.